मतं तीच, विजेता वेगळा

व्ही. व्ही. गिरी आपल्याला माहीत असतात ते भारताचे चौथे राष्ट्रपती म्हणून. सामान्यज्ञानाच्या पुस्तकातली एक ओळ, तेवढीच. पण मतं कशी मोजावीत या प्रश्नात ज्याला रस आहे, त्याला गिरी आधी भेटतात ते एका पराभवात. 1957 सालची लोकसभा निवडणूक, आंध्र प्रदेशातला पार्वतीपुरम मतदारसंघ. गिरी तोवर केंद्रात कामगारमंत्री होऊन गेले होते आणि सगळं आयुष्य त्यांनी कामगार चळवळीत काढलं होतं. असा वजनदार माणूस पडला. त्याला पाडलं ते राखीव जागेसाठी उभ्या असलेल्या उमेदवारानं.

त्या काळी काही मतदारसंघांतून दोन-दोन खासदार निवडून जात. त्यातली एक जागा अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी राखीव असे. प्रत्येक मतदाराला दोन मतं, आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची. मोजणी झाली की आधी राखीव जागा भरायची, म्हणजे राखीव गटातल्या उमेदवारांपैकी ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी. मग उरलेल्या सगळ्या उमेदवारांत जो पुढे असेल तो दुसऱ्या जागेवर. मेख आहे ती या ‘उरलेल्या सगळ्या’मध्ये, कारण त्यात राखीव गटातला दुसरा उमेदवारही येतो. पार्वतीपुरममध्ये चार उमेदवार होते. अनुसूचित जमातीचे सत्यनारायण राखीव जागेवर निवडून आले. उरलेल्या तिघांत जमातीचेच सूरी डोरा यांना गिरींपेक्षा जरा जास्त मतं पडली होती. दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांकडे गेल्या आणि माजी केंद्रीय मंत्री घरी बसले.

गिरी न्यायालयात गेले. ज्यानं राखीव जागेसाठी अर्ज भरला, त्याला सर्वसाधारण जागा कशी देता, असा त्यांचा मुद्दा. 1959 साली सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं तो फेटाळला. मला न्यायालयाचं म्हणणं पटतं. राखीव जागा ही किमान हमी आहे, कमाल मर्यादा नव्हे. डोरांना मतं जास्त होती आणि सर्वसाधारण जागेवर कुणाचं नाव कोरलेलं नव्हतं. पण हा निकाल राजकीय पक्षांच्या पचनी पडला नाही. 1961 साली संसदेनं कायदा करून द्विसदस्य मतदारसंघच मोडीत काढले.

निवडणुकीबद्दल आपल्याकडे वाद कमी होत नाहीत. पैसा, जात, दारू, बोगस मतदार, यंत्रं, घराणी यांवर चहाच्या टपरीपासून संपादकीयांपर्यंत सगळीकडे बोललं जातं. मोजणीचा नियम मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो. मतपेटीत पडलेल्या मतांतून ‘लोकांचा कौल’ आपसूक बाहेर पडतो असं आपण धरून चालतो. तो आपसूक पडत नाही. मतांना नियम लावावा लागतो, आणि नियम बदलला की एकही मत न बदलता माणूस बदलू शकतो.

हे महाराष्ट्रानं फार जवळून पाहिलं आहे. 1932 च्या पुणे करारानं दलितांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. आता प्रश्न असा की सगळ्यांनी मिळून मतदान करायचं, तर दलितांना हवा असलेला माणूस दलितांच्या मतांवर निवडून येणार कसा? 1937 च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यात याचं एक उत्तर वापरलं गेलं. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मतं प्रत्येक मतदाराला, आणि ती हवी तशी वाटावीत, वाटल्यास सगळीच्या सगळी एकाच उमेदवाराला द्यावीत. बाबासाहेब आंबेडकर या पद्धतीचे पुरस्कर्ते होते, आणि त्यामागचं गणित सरळ आहे. तीन जागा असतील आणि एखादा समाज मतदारांच्या पाव हिश्श्याहून थोडा जरी जास्त असेल, तर आपली तिन्ही मतं एकाच माणसामागे उभी करून तो एक जागा हमखास काढू शकतो. उरलेले पाऊण हिश्शाचे मतदार काहीही करोत, त्यांना ती जागा अडवता येत नाही. त्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतः मुंबईतून निवडून आले. त्यांच्यासमोर काँग्रेसनं उभा केला होता तो एके काळचा नामांकित फिरकी गोलंदाज, पळवणकर बाळू. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार त्या वेळी जिंकले.

पंधरा वर्षांनी, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, मुंबई उत्तर मतदारसंघात तेच आंबेडकर उभे होते. नियम मात्र बदलला होता. मतं दोन, पण एकाच माणसाला दोन्ही देता येणार नाहीत. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी असे, तिच्यावर त्याचं चिन्ह. एकाच पेटीत दोन्ही मतपत्रिका टाकल्या तर एकच धरली जाई. बाबासाहेबांचा पाडाव काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी सुमारे साडेचौदा हजार मतांनी केला. बाद ठरलेली मतं होती चौऱ्याहत्तर हजारांवर. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि आंबेडकर यांनी मिळून निवडणुकीला आव्हान दिलं. मतदारांना जाणूनबुजून मतं वाया घालवायला शिकवलं गेलं, असा त्यांचा आरोप होता आणि बोट कम्युनिस्टांकडे होतं. त्या अर्जाला यश आलं नाही. जुना नियम असता तर काय झालं असतं हे छातीठोकपणे कुणी सांगू नये, कारण नियम बदलला की प्रचारही बदलतो. पण एकवटलेली मतं हे ज्या पक्षाचं बळ, त्याच्या हातून ती एकवटण्याची सोय काढून घेतली गेली होती, एवढं निश्चित. त्याच वर्षी बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. तिथे आमदार पसंतीक्रमानं मतदान करतात. ती पद्धत तिसरीच.

पसंतीक्रमाचं म्हणजे नक्की काय, ते बघायला पुन्हा गिरींकडेच जावं लागतं. 3 मे 1969 रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले, मग राजीनामा देऊन अपक्ष म्हणून मैदानात उतरले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. त्यांच्या अर्जावर पंतप्रधान इंदिरा गांधींचीच सही होती, आणि त्याच इंदिराबाईंनी पुढे आपल्या खासदार-आमदारांना सदसद्विवेकाला स्मरून मत द्या असं सांगितलं. त्याचा अर्थ कळायला कुणाला वेळ लागला नाही. तिसरे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देऊन मराठी मनात कायमचे बसलेले. त्यांच्यामागे स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ होते.

मतमोजणी झाली 20 ऑगस्टला. आमदार-खासदारांच्या मतांना ठरलेलं मूल्य असतं, त्यामुळे आकडे लाखांत दिसतात. वैध मतांचं एकूण मूल्य 8,36,337. जिंकायला निम्म्याहून एक जास्त, म्हणजे 4,18,169 हवीत. पहिल्या पसंतीची मतं पडली ती अशी: गिरी 4,01,515, रेड्डी 3,13,548, देशमुख 1,12,769, बाकी उमेदवारांची किरकोळ. कुणीच कोटा गाठला नाही. मग तळातल्या उमेदवारापासून एकेकाला बाद करत त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघायची. किरकोळ मंडळी गेली, शेवटी देशमुख बाद झाले आणि त्यांचे गठ्ठे उघडले. रेड्डी भराभर वर चढले, कारण काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाकडे दुसऱ्या पसंतीसाठी आधीच शब्द टाकला होता. पहिल्या फेरीपासून शेवटापर्यंत रेड्डींना वरची जवळजवळ 92 हजार मतं मिळाली, गिरींना साडेअठरा हजार. पण गिरींना थोडीच कमी होती. शेवटचा हिशोब: गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427.

म्हणजे या वेळी पद्धतीनं निकाल उलटवला नाही. साधी ‘ज्याला जास्त तो जिंकला’ पद्धत असती तरी गिरीच आले असते. मला कुतूहल वाटतं ते देशमुखांबद्दल. समजा, लढत फक्त देशमुख आणि गिरी अशी असती, तर? रेड्डींच्या मागचे जुने काँग्रेसवाले इंदिराबाईंच्या माणसाला मत देण्याऐवजी देशमुखांकडे वळले असते का? याचं उत्तर त्याच मतपत्रिकांवर लिहिलेलं असू शकत होतं. पण रेड्डी शेवटपर्यंत शर्यतीत होते, त्यामुळे त्यांच्या मतपत्रिकांवर दुसरं नाव कुणाचं, हे बघण्याची वेळच आली नाही. तळातला उमेदवार आधी बाद करायचा हा नियम असला, की तळातल्याबद्दल इतरांचं काय मत आहे ते विचारलंच जात नाही.

ही बाब किती गंभीर आहे ते एका साध्या उदाहरणात मांडून बघू. पंचावन्न बिऱ्हाडांची सोसायटी आहे आणि पावसाळी सहल कुठे न्यायची ते ठरवायचंय. 24 घरांना अलिबाग हवं, ते नसेल तर भंडारदरा, आणि महाबळेश्वर नकोच. 18 घरांना महाबळेश्वर, मग भंडारदरा, शेवटी अलिबाग. राहिलेली 13 घरं भंडारदऱ्याची. त्यांची दुसरी पसंती महाबळेश्वर आणि तिसरी अलिबाग.

सेक्रेटरीनं हात वर करायला सांगितले तर 24 हातांनी अलिबाग जिंकतं. लोकसभेची आपली पद्धत हीच. कुणी म्हणालं की 55 पैकी 24 म्हणजे काही बहुमत नव्हे, राष्ट्रपतीसारखं करू. मग सर्वांत कमी मतांचा भंडारदरा बाद, त्याची 13 मतं महाबळेश्वरकडे, आणि 31 विरुद्ध 24 असं महाबळेश्वर जिंकतं. आता एखाद्या चौकस आजोबांनी दोन-दोन ठिकाणांची जोडी लावून विचारलं तर काय दिसतं? भंडारदरा विरुद्ध अलिबाग: 31 विरुद्ध 24. भंडारदरा विरुद्ध महाबळेश्वर: 37 विरुद्ध 18. दुसऱ्या पद्धतीनं जे ठिकाण सर्वांत आधी कचऱ्यात टाकलं, ते समोरासमोर दोघांनाही हरवतं. तीन नियमांचे तीन विजेते निघाले आणि एकाही घराचं मत बदललेलं नाही.

जोड्या लावणाऱ्या त्या आजोबांची गादी मोठी जुनी आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीच्या पॅरिसमध्ये, विज्ञान अकादमीत, दोन माणसं याच प्रश्नावर डोकं चालवत होती. एक जाँ-शार्ल द बोर्दा, नौदलातला गणिती. त्यानं 1770 साली सुचवलं की क्रमाला गुण द्या. तीन उमेदवार असतील तर पहिल्याला दोन, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला शून्य, आणि बेरीज करा. आपल्या सोसायटीत बोर्दाच्या हिशोबानं भंडारदऱ्याला 68 गुण, महाबळेश्वरला 49, अलिबागला 48. दुसरा मार्की द काँदोर्से. त्याचा मोठा ग्रंथ 1785 चा, आणि आग्रह जोडीजोडीच्या लढतीचा: जो प्रत्येकाला समोरासमोर हरवेल तोच खरा विजेता. बोर्दाच्या पद्धतीतली फट उघड होती. आपल्या आवडत्या उमेदवाराला ज्याच्यापासून धोका आहे त्याला मुद्दाम तळाला टाकलं की झालं. आपली पद्धत प्रामाणिक माणसांसाठी आहे, असं उत्तर बोर्दानं त्यावर दिल्याचं सांगतात. उत्तर गोड आहे, पण निवडणुकीच्या कामाचं नाही.

काँदोर्सेला स्वतःच्या पद्धतीतली फट स्वतःलाच सापडली, आणि ती जास्त खोल आहे. तीन माणसं घ्या. पहिल्याचा क्रम अलिबाग, भंडारदरा, महाबळेश्वर. दुसऱ्याचा भंडारदरा, महाबळेश्वर, अलिबाग. तिसऱ्याचा महाबळेश्वर, अलिबाग, भंडारदरा. आता अलिबाग भंडारदऱ्याला दोन विरुद्ध एक हरवतं, भंडारदरा महाबळेश्वरला तसंच हरवतं, आणि महाबळेश्वर अलिबागला. प्रत्येक माणसाच्या डोक्यात सुसंगत क्रम आहे, तिघांना एकत्र केलं की गोल चक्कर. समूहाला ‘मत’ असतंच असं नाही, हे या माणसानं लोकशाहीच्या पहाटेच दाखवून दिलं. पुढे राज्यक्रांतीतल्या सत्ताधाऱ्यांशी त्याचं फाटलं, लपूनछपून राहावं लागलं, आणि 1794 साली तो कोठडीत मेला. त्याच्या मागे हा प्रश्नही दीडशे वर्षं जवळपास अडगळीत पडला.

तो पुन्हा वर काढला तो केनेथ ॲरो या तरुण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं. 1951 साली आलेल्या त्याच्या छोट्याशा पुस्तकातला प्रश्न असा होता: फट नसलेला एखादा तरी नियम असू शकतो का? त्याच्या अटी वाचल्या तर वाटतं, यात मागितलंय काय एवढं? लोकांनी आपले क्रम कसेही लावोत, नियमानं त्यातून सुसंगत सामूहिक क्रम काढून दिला पाहिजे. सगळ्यांनाच अ हा ब पेक्षा बरा वाटत असेल तर निकालातही तो वर हवा. अ आणि ब यांच्यातला निकाल तिसऱ्याच कुणा क मुळे बदलू नये. आणि कुणा एकाचीच मर्जी सगळ्यांवर लादली जाऊ नये. ॲरोनं गणितानं सिद्ध केलं की पर्याय तीन किंवा जास्त असले, तर या सगळ्या अटी एकत्र पाळणारा नियम नाही. अजून सापडलेला नाही असं नव्हे, असूच शकत नाही. दोनच पर्याय असतील तर साधं बहुमत बिनघोर चालतं. तिसरा आला की गाडी घसरते. या कामात पुढे मोलाची भर घालणाऱ्या अमर्त्य सेन यांच्या हाती हे पुस्तक पडलं ते कलकत्त्यात, प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना. सुखमय चक्रवर्ती या वर्गमित्रानं ते वाचायला दिलं होतं. ॲरोला 1972 साली नोबेल मिळालं, सेनना 1998 साली.

‘तिसऱ्यामुळे निकाल बदलू नये’ ही अट मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायची गरज नाही. ‘मतं खाल्ली’ हा शब्दप्रयोग आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. प्रतिस्पर्ध्याच्या नावाचाच दुसरा एखादा गृहस्थ शोधून त्याला उभं करण्याची कलाही आपण चांगलीच विकसित केली आहे. जगातलं सर्वांत महागडं मतं खाणं बहुधा 2000 साली फ्लोरिडात झालं. जॉर्ज बुश तिथे अल गोर यांच्या पुढे राहिले ते 537 मतांनी. तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना 97 हजारांवर मतं होती. फ्लोरिडा गेलं आणि देशभर बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून जास्त मतं मिळवूनही गोर यांचं राष्ट्राध्यक्षपद गेलं.

ॲरोचा सिद्धांत ऐकून काही जण हात झटकतात: सगळ्याच पद्धती सदोष, मग आहे ते काय वाईट? हा निष्कर्ष आळशी आहे. सगळ्या पद्धतींत काही ना काही अन्याय आहे म्हणजे तो सारखाच आहे असं नाही. कोणता अन्याय सोसायचा आणि तो कुणी सोसायचा, हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं हा राजकीय निर्णय असतो, गणिती नव्हे.

अलास्कानं तो निर्णय 2020 साली घेतला. मतं खाण्याचा प्रकार टाळायचा म्हणून तिथे पसंतीक्रमाची पद्धत आली. खासदार डॉन यंग यांचं निधन झाल्यामुळे 2022 च्या ऑगस्टमध्ये पोटनिवडणूक झाली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या मेरी पेल्टोला 75,799, रिपब्लिकन सेरा पेलिन 58,973, दुसरे रिपब्लिकन निक बेगिच 53,810. बेगिच बाद झाले. त्यांच्या मतदारांपैकी 27,053 जणांची पुढची पसंती पेलिन, 15,467 जणांची पेल्टोला, आणि 11,290 जणांनी पुढे काही लिहिलंच नव्हतं. पेल्टोला जिंकल्या. नंतर मतपत्रिकांची सगळी माहिती जाहीर झाली तेव्हा दिसलं की समोरासमोर बेगिच यांनी दोघींनाही हरवलं असतं. आपला भंडारदरा तो हाच. आणखी गंमत पुढे आहे. पेलिन यांच्या समर्थकांपैकी काही हजार मतदार घरीच बसले असते, तर त्या बेगिच यांच्या मागे पडून आधी बाद झाल्या असत्या आणि बेगिच जिंकले असते, म्हणजे मतदान करून त्यांनी आपल्याला सर्वांत नको असलेल्या पक्षाला निवडून आणलं. सहलीतही तेच आहे. अलिबागवाल्या 24 घरांनी खोटं बोलून भंडारदरा पहिला लिहिला असता तर निदान महाबळेश्वर टळलं असतं. अशा खोटेपणाला जागाच राहणार नाही असा नियम करता येईल का? तेही जमत नाही. ॲलन गिबर्ड यांनी 1973 साली आणि मार्क सॅटरथ्वेट यांनी 1975 साली हे वेगवेगळं सिद्ध केलं.

अर्थात गणित येणाऱ्याला या फटी म्हणजे कुरणच. 10 जून 2022 ची राज्यसभा निवडणूक महाराष्ट्राला आठवत असेल. सहा जागा, सात उमेदवार, आमदार हॉटेलांत, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर निकाल. पहिल्या पसंतीची मतं: शिवसेनेचे संजय पवार 33, भाजपचे धनंजय महाडिक 27. निवडून आले महाडिक. वर्तमानपत्रांनी याला चमत्कार म्हटलं, पण तो शाळेतला भागाकार होता. वैध मतं 284, जागा सहा. सहाच्या पुढचा आकडा सात, त्यानं भागून आलेल्याच्या किंचित वर कोटा ठरतो, तो झाला 40.58. कोट्याच्या वर गेलेली मतं दुसऱ्या पसंतीकडे वळतात. भाजपच्या पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी 48 मतं, वरची शिल्लक महाडिकांकडे. तिघांची मिळून 123. कोट्यानं भागा: तीन पूर्णांक आणि वर चिमूटभर. शिवसेना असलेल्या आघाडीच्या चौघांची मिळून 161. भागा: चारला अगदी थोडी कमी. 123 मतांना तीन जागा, 161 मतांनाही तीनच. पैशांचे आणि फोडाफोडीचे आरोप व्हायचे ते झाले. पण भाजपनं एकही मत वाया जाऊ दिलं नाही आणि आघाडीची 39 मतं कोट्याला न पोचता पडून राहिली, हे कुठल्याही हॉटेलात न जाता कागदावर कळतं.

तरीही, प्रमाणाच्या बाबतीत राज्यसभेची ही पद्धत लोकसभेपेक्षा कितीतरी सभ्य आहे. ब्रिटनमध्ये 2024 साली मजूर पक्षानं 34 टक्क्यांहूनही कमी मतांवर 63 टक्के जागा नेल्या. आपल्याकडे 2014 साली बहुजन समाज पक्षाला देशभरात चार टक्क्यांवर मतं मिळाली आणि लोकसभेत जागा शून्य. 2024 च्या लोकसभेत महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता. जागा झाल्या 30 आणि 17.

मतांऐवजी माणसं मोजायची वेळ आली की हाच घोळ वेगळ्या वेषात येतो. कुठल्या राज्याला किती जागा? अमेरिकेत 1880 च्या जनगणनेनंतर जनगणना कार्यालयातला एक कारकून, सीटन, सभागृहाचा आकार वाढवत वाढवत तक्ते करत होता. 299 जागांच्या सभागृहात अलाबामाला आठ जागा येत होत्या. एक जागा वाढवून 300 केल्या, तर अलाबामाला सात. आकडेमोडीत चूक नव्हती. पूर्णांकातल्या जागा वाटून झाल्यावर उरलेल्या जागा मोठ्या अपूर्णांकांना द्यायच्या, या वरकरणी निरुपद्रवी नियमाचा तो परिणाम होता. पुढे बॅलिन्स्की आणि यंग या जोडीनं दाखवून दिलं की जागावाटपाचीही निर्दोष पद्धत असू शकत नाही.

भारतानं या प्रश्नाला हात लावायचं 1976 पासून टाळलं आहे. राज्यांच्या लोकसभेच्या जागा 1971 च्या लोकसंख्येवर गोठवल्या आहेत, कारण कुटुंबनियोजन नीट करणाऱ्या राज्यांना त्याची शिक्षा होऊ नये. राष्ट्रपती निवडणुकीत आमदाराच्या मताचं मूल्यही त्याच जनगणनेवरून काढतात. राज्याची लोकसंख्या भागिले आमदार, भागिले हजार. गोव्याच्या आमदाराचं मत 20, महाराष्ट्राच्या आमदाराचं 175. घटनेनुसार ही गोठवण 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे, आणि त्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. 1971 च्या आकड्यांवर तमिळनाडूच्या आमदाराचं मत 176 आहे, महाराष्ट्रापेक्षा एकानं जास्त. तोच भागाकार 2011 च्या लोकसंख्येवर केला तर तमिळनाडू 308 वर येतं, महाराष्ट्र 390 वर, केरळ 152 वरून 239 वर आणि उत्तर प्रदेश 208 वरून 496 वर.